अस्तर

काळाचौकीला, रेशनच्या दुकानाशेजारी
माझ्या दोन मशिनी, एक आरसा, एक वही.
वहीत अर्ध्या गल्लीच्या कंबरा आहेत.
माझी नव्हती.

गणपतीनंतर पँट ढिली झाली. घेतली आत.
दिवाळीला पुन्हा. मग पुन्हा.
गिऱ्हाइकं म्हणाली, वा मालक, बारीक झालात!
आणि मी हसलो, गळ्यात टेप,
डोळा जिन्यामागच्या संडासाकडे,
रिकामा आहे की दाराशी कुणाची बादली आहे.

रक्त जायचं. त्याला मी मूळव्याध म्हटलं.
मूळव्याध म्हटलं की माणूस सुटतो,
औषधवाला काही न विचारता ट्यूब देतो.
आत्याने डाळिंबाची साल उकळून पाजली,
शेजारच्या परबांनी इसबगोल.
मंदाकिनीने वडापावला दोषी धरलं,
मी तिच्या फोडणीच्या मिरचीला.
पाच महिने हा खटला चालला
आणि खरा साक्षीदार रोज पहाटे तीनला
मला अंथरुणातून उठवून न्यायचा.

मग इखलाक, काज-बटणं करणारा पोरगा.
एका दुपारी मी पाठमोरा असताना
त्याने टेप माझ्याच कमरेभोवती टाकली
आणि वहीत लिहिलं, वाकड्या अक्षरात:
मालक. साडेएकोणतीस.
गणपतीत चौतीस होती, तो म्हणाला,
पट्ट्याची भोकं मोजली मी.
पँटीचा काही दोष नाही.

परळला डॉक्टर दस्तूर.
किती दिवस? आव पडते? ताप? तोंड येतं?
रात्री गाढ झोपेतून उठावं लागतं?
गुडघे दुखतात?
गुडघे मशीनमुळे, मी म्हटलं.
मशीन पायाचं आहे?
नाही. विजेचं.
तिने काहीतरी लिहून घेतलं.
महिनाभर जुलाब म्हणजे बाहेरचं खाणं नव्हे, म्हणाली,
आणि रक्त गेलं तर मूळव्याध आहे का, तेही बघून ठरवायचं.
कापड तुम्ही अंदाजाने कापता?

आधी डबीतली तपासणी, मग रक्त, मग नळी.
आदल्या रात्री ते खारट औषध, लिटरच्या लिटर.
अख्ख्या मजल्याला कळलं.
पाटकरबाई काही बोलल्या नाहीत,
फक्त संडासाबाहेर एक स्टूल आणून ठेवलं
आणि व्हरांड्यातला दिवा रात्रभर चालू.

पडद्यावर मी माझी आतली बाजू पाहिली.
मला वाटलेलं, पाईप असेल.
अस्तर होतं.
जुन्या कोटात काखेपाशी साटीन विरतं ना,
बाहेरून कोट नवाच, इस्त्रीचा.
तसं. पण लाल, फुगलेलं, हात लागला तर रक्त येईल असं.
तिने तिळाएवढ्या चार चिंध्या काढल्या.
आतड्याचा टीबीही असाच दिसतो, म्हणाली,
त्याचं औषध वेगळं, याचं वेगळं,
चुकलं तर माणूस जातो.

अकरा दिवस मी एकही शिवण सरळ घातली नाही.

टीबी नव्हता. अल्सरेटिव्ह कोलायटिस.
इखलाकने तीनदा म्हणून पाहिलं, मग सोडून दिलं.
आपलेच पहारेकरी आपलंच घर झोडपतात, असं काहीसं.
वडापाव निर्दोष सुटला.
मिरचीही, बहुतेक.

बरा झालो म्हणत नाही.
गोळ्या आहेत, तारखा आहेत,
पुन्हा उसवेल तेव्हा काय करायचं त्याचा कागद आहे.
सध्या कच्चा टाका धरतोय.
पँटी मात्र एकेक इंच सोडतो आहे, हळूहळू.

परवा शिरोडकरांचा मुलगा आला, साखरपुड्याचा सूट.
वहीत बत्तीस, टेपवर अठ्ठावीस.
पूर्वी मी म्हटलं असतं, वा.
टेप तशीच धरून, आरशात न बघता, विचारलं,
रात्री उठतोस का रे?
तो म्हणाला, का?
मग बराच वेळ काहीच नाही.
इखलाकने मशीन बंद केलं.